तेल उपसणाऱ्या हातांची हजेरी कुठे आहे?

२८ जानेवारी २०१७ च्या पहाटे चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. एक गॅसवाहू, दुसरे तेलवाहू. बंदर प्रशासनाने सुरुवातीला सांगितले की गळती झालेलीच नाही. पण समुद्र काही प्रशासनाच्या खुलाशावर चालत नाही! एर्णावूरच्या खडकांवर काळ्या, चिकट तेलाचा थर येऊन बसला आणि तवंग मरीनापर्यंत गेला. मेलेली कासवे किनाऱ्याला लागली. शहरातील गटारे उपसणाऱ्या मोठ्या गाड्या आणल्या गेल्या, पण त्या घट्ट गाळापुढे त्यांचे फारसे चालले नाही. मग देशाने दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले ते असे : माणसांची रांग आणि हातोहात जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या बादल्या.

त्या रांगेत कॉलेजचे विद्यार्थी होते, तटरक्षक दलाचे जवान होते. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण त्याच रांगेत मच्छीमार होते आणि महापालिकेचे सफाई कामगारही होते. विद्यार्थी घरी गेले, त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. सफाई कामगार दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आला. चेन्नईत हा कामगार बहुसंख्येने कोणत्या समाजातून येतो, हे मुंबईच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

कोणी म्हणेल, तेलातही तुम्ही जात शोधता! आम्ही शोधत नाही, ती बादली धरून उभी असते. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेप्रमाणे समुद्रातील तेलाचा बंदोबस्त तटरक्षक दलाने पाहायचा. तेल किनाऱ्याला लागले की जबाबदारी राज्य सरकारची. सरकार ती जिल्हा प्रशासनाकडे देते, प्रशासन महापालिकेकडे, महापालिका मुकादमाकडे. मुकादमानंतर ती कोणाच्या हातात येते?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खडकांच्या फटीत बसलेले जड तेल अनेकदा हातानेच काढावे लागते. यंत्राने किनाऱ्याची वाळूच जास्त उचलली जाते. तेव्हा हाताने काम करण्याला आमचा विरोध नाही. विरोध उघड्या हाताला आहे. जहाजाच्या इंधन तेलात कॅन्सरला कारण होणारी द्रव्ये असतात, ती कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात. हातमोजे, गमबूट, मास्क आणि नंतर वैद्यकीय तपासणी हा त्या कामगाराचा हक्क आहे.

पण हा हक्क कोणत्या कायद्यात शोधायचा? २०१३ चा हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा मैला, गटार आणि सेप्टिक टँकपुरता आहे. त्याच्या नियमांत सुरक्षा साधनांची यादीसुद्धा दिली आहे. तोच कामगार गटारातून बाहेर येऊन किनाऱ्यावरच्या तेलात उतरला, की ती यादी त्याच्या कामाची राहत नाही. जहाजाला मात्र कायदा आहे. जहाजाच्या इंधन तेलाच्या प्रदूषणाबाबत २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, भारत त्यात सामील आहे, जहाजमालकाला विमा काढावाच लागतो. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईसमोर 'राक कॅरियर' बुडाले, तेव्हा हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये भरायला सांगितले. म्हणजे प्रदूषण करणाऱ्याने भरावे हे तत्त्व कागदावर नाही, ते वसूल करता येते.

आमचा मुद्दा इथेच आहे. सफाईचा खर्च विमा कंपनीकडून वसूल करायचा तर पुरावा लागतो : किती माणसे, किती तास, काय मजुरी, कोणती साधने. हजेरीपट नसेल तर सरकारचा दावा लंगडा आणि कामगाराचा तर जन्मतःच मेलेला. दहा वर्षांनी त्याच्या फुप्फुसाला किंवा कातडीला काही झाले, तर तो त्या किनाऱ्यावर होता हे कोण सांगणार?

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मणलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडून तेल एन्नोरच्या खाडीत गेले आणि पुन्हा मच्छीमारच नावेत बसून मगाने तेल उपसताना दिसले. याच खाडीत इरुळर आदिवासी हाताने कोळंबी पकडतात. सहा वर्षांत बादलीचा मग झाला, एवढीच प्रगती!

याच मद्रासच्या किनाऱ्यावर १ मे १९२३ रोजी देशातील पहिला कामगार दिन सिंगारवेलू यांनी साजरा केला. ते मच्छीमार कुटुंबातले, पेशाने वकील आणि बौद्ध विचाराचे. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, ही आपलीही चूक आहे. मुंबईत म्युनिसिपल कामगारांची संघटना बाबासाहेबांनी बांधली, ती हजेरी, पगार आणि माणूस म्हणून वागणूक मिळावी यासाठीच.

मुंबईलाही हे नवे नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे आपल्या बंदराच्या तोंडाशी आदळली, शेकडो टन तेल सांडले, मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. मे २०२५ मध्ये केरळसमोर 'एमएससी एल्सा ३' बुडाले. पुढचे जहाज कुठे आदळेल, हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून राज्य सरकारने किनारा सफाईच्या कामगारांसाठी स्वतंत्र नियम करावेत. नावनिशी नोंद, साधने, जादा मजुरी, वर्षानुवर्षे तपासणी आणि हा सर्व खर्च जहाजमालकाच्या दाव्यात धरावा. नियम होतील तेव्हा होतील. तोपर्यंत आमच्या सफाई कामगार आणि कोळी बांधवांना, कंत्राटी असोत की कायम, एवढेच सांगणे आहे : किनाऱ्यावर बोलावले तर आधी हजेरीपटावर नाव लिहून घ्या, त्याचा मोबाईलवर फोटो काढा, हातमोजे मागा, आणि मगच बादलीला हात लावा.