नको म्हटल्यावर पुढे काय?

दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी भाचा मित्रांबरोबर राजोडीच्या किनाऱ्यावर गेला होता. सुरूच्या झाडांखाली कुणीतरी पिशवीतून बिअर काढली. हा नको म्हणाला. "जा, आईला विचारून ये," म्हणत सगळे हसले. रात्री जेवताना त्याने हळूच विचारलं, "मामा, नको म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. समोर मालिका चालू होती. प्रेमभंग झालेला नायक ग्लास भरत होता आणि पडद्याच्या तळाशी मद्यपान घातक असल्याची बारीक सूचना होती. ती कोण वाचतो? सगळ्यांचे डोळे नायकावर.

गोष्टीची ही ताकद नाटककार गडकऱ्यांनी ओळखली होती. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'त अपमानाने पोळलेला सुधाकर आहे आणि जवळ तळीराम आहे. दुखावलेलं मन आणि दोस्ताचा आग्रह एकत्र आले की पहिला प्याला ओठाला लागतो. १९८४मध्ये दूरदर्शनवरच्या 'हम लोग'ने बसेसर रामचं दारूपायी पोखरलेलं घर दाखवलं. भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलायचे. अमेरिकेत १९८८पासून हार्वर्डच्या जे विन्स्टन यांनी मालिकांच्या लेखकांनाच गाठलं. चार वर्षांत १६०हून अधिक भागांत 'आज गाडी मी चालवणार, मी पिणार नाही' या अर्थाचे संवाद आणि प्रसंग आले.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. पण वाळूवर बसलेल्या पोरांच्या घोळक्यात कायदा नसतो, दोस्त असतात.

आपल्या नायगावातच मालिकांचे सेट आहेत. तिथल्या लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे. बेवडा बाप आम्ही पुष्कळ पाहिला. १५ वर्षांच्या मुलाला त्याच्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही. त्याच्याच वयाचा एक मुलगा दाखवा. तो नको म्हणेल, त्याला हसतील, आणि तरी दुसऱ्या दिवशी तो त्याच टीममधून खेळेल. एवढा एक प्रसंग लिहा.

भाच्याला मी शेवटी म्हणालो, "'नको रे' म्हणायचं आणि लगेच विचारायचं, उद्या मॅच किती वाजता?"

हात धुताना तो ते वाक्य पुटपुटत होता. दोनदा.