सही आली, वाचायचे राहिले



माझी चुलती साक्षरता वर्गात सही करायला शिकली. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली निघाले. त्याची मोहीम काही वर्षांनी आमच्या गावात पोचली आणि देवळात कंदिलाच्या उजेडात वर्ग भरू लागला. तीन महिन्यांत चुलती नाव काढू लागली. गावात कौतुक झाले, साक्षरांच्या यादीत तिची भर पडली. दोन वर्षांनी एका नातेवाइकाच्या कर्जाच्या कागदावर तिने सही केली. साक्षीदार म्हणून सही आहे, असे तिला सांगितले होते. वसुलीची नोटीस आली तेव्हा कळले, ती जामीन होती. त्या सालचा सगळा कापूस त्यात गेला.

चुलती म्हणाली, "अंगठा द्यायचे तेव्हा चार जणांना विचारायचे. सही यायला लागली अन् विचारायची लाज वाटू लागली."

जनगणनेची व्याख्या चुकीची नाही. सात वर्षांवरच्या ज्याला कोणतीही एक भाषा समजून वाचता-लिहिता येते तो साक्षर. 'समजून' हा शब्द त्यात आहे. पण गणतीला आलेला माणूस दारात उभा राहून नुसते विचारतो, कागद पुढे ठेवून वाचून घेत नाही. २०११ साली महाराष्ट्रात ८२ टक्के साक्षर निघाले, बायांमध्ये ७६. त्यातल्या किती जणांना स्वतःचा सातबारा वाचता येतो? बोजा कुणाचा, किती, कोणत्या फेरफाराने चढला, हे तलाठ्याला न विचारता किती जण सांगतील?

न वाचता केलेल्या सहीचे दुखणे जुने आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकाराची घरे गाठली. त्यांना हवे होते ते रोखे आणि कर्जखते. ती हाती लागली तशी जाळली. स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदावर शेतकऱ्याचे वावर चालले होते. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला कायदा करावा लागला. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, पण शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गासाठी, हे त्यांनी इंग्रजाला तोंडावर सांगितले.

आज कागद बदलले आहेत. फवारणीच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आतल्या घडीपत्रकात विषबाधा झाल्यास काय करायचे ते लिहिलेले असते, अक्षर मात्र मुंगीच्या पायाएवढे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. ती वाचता न आल्याने मेली असे मी म्हणणार नाही. हातमोजे नव्हते, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, औषधे एकत्र कालवली जात होती. पण असे पत्रक छापणाऱ्याने ते वाचले जावे म्हणून छापले, यावर माझा विश्वास नाही.

मग शिकवायचे कसे? ब्राझीलच्या ईशान्येला अँजिकोस नावाचे गाव आहे. मुलूख आपल्यासारखाच, पावसावर जगणारा, कापूस पिकवणारा. १९६३ साली पाउलो फ्रेरे यांनी तिथे सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीसेक तासांत लिहावाचायला शिकवले. 'कमळ', 'गवत' अशा शब्दांनी त्यांचा धडा सुरू होत नसे. आधी लोकांच्या बोलण्यातले शब्द वेचायचे. त्यांच्या याद्यांत नांगर, कुदळ, पाऊस, मजुरी, सरकार असले शब्द आहेत. शब्दावर आधी चर्चा, मग अक्षर. मजुरी इतकीच का, हे बोलता बोलता 'म' येतो! त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षराला मत नव्हते, म्हणून वाचायला शिकलेला मजूर म्हणजे नवा मतदार. १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरेंना तुरुंगात टाकले, पुढे देश सोडावा लागला. अक्षराची भीती कुणाला वाटते ते यावरून ओळखा.

आज जगात सत्तर कोटींहून अधिक प्रौढांना लिहितावाचता येत नाही, असे युनेस्को सांगते. त्यात दर तिघांत दोन बाया आहेत. त्यांच्यातली एक आपल्याच घरात भाकरी थापत असेल.

माझे म्हणणे एवढेच की गावात वर्ग पुन्हा भरावा, पण पुस्तक आपले असावे. सातबारा, बाजार समितीची हिशेबपट्टी, बियाण्याच्या पिशवीचे लेबल, पीकविम्याची पावती आणि कर्जाचा अर्ज हेच धडे. हमाली किती कापली, तोलाई किती, लॉट नंबर कुठे असतो, जामीन आणि साक्षीदार यांत फरक काय, हे शिकता शिकता अक्षरे येतील. वर्ग कापूस वेचणीत ठेवाल तर बाया येणार नाहीत. ज्वारी खळ्यातून घरी आली की सुरू करा, पेरणीपर्यंत तीन महिने मिळतात. गुरुजी नसले तर दहावीला बसलेली पोरगी चालेल. मुले आयांना जास्त नेटाने शिकवतात, हा माझ्या घरचा अनुभव आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने असा एक कागद आणावा, ज्यावर सही झाली पण जो कुणी वाचला नव्हता. चुलतीची ती नोटीस मी घेऊन येतो आहे.