प्रवेशपरीक्षा आणि इंग्रजी वाचन

२०१७ पासून पदव्युत्तर आयुर्वेद प्रवेशासाठी अखिल भारतीय परीक्षा होते. तिच्या तयारीत विद्यार्थी इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकतात, हे आम्हांस अपुरे वाटते. ‘पांडु म्हणजे अ‍ॅनिमिया’ एवढेच पाठ करणाऱ्यास दोन्ही कळत नाहीत. संहिता मुखोद्गत असलेलाही प्रश्नातील ‘एक्सेप्ट’, म्हणजे ‘वगळून’, हा शब्द नजरेआड करतो. चार गुण जातात, वर एक वजा होतो.

रोज एक इंग्रजी शोधनिबंधसार वाचून त्याचा आशय मराठीत लिहावा. औषधविक्रेत्यांनीही हातभार लावावा. वत्सनाभ, भल्लातक असलेल्या औषधांच्या वेष्टनावरील वैद्यकीय देखरेखीची इंग्रजी सूचना आंतरवासी विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावी आणि ग्राहकास मराठीत समजावण्यास सांगावे. (शेजारची हिंदी सूचना मात्र बोटाने झाकावी!)