वेबसाइटचं शटर कोण उघडणार?

आमच्या बाजारपेठेत दुकानाचं शटर रोज वर जातं, दारात पाणी मारलं जातं, उदबत्ती लागते. आणि त्याच दुकानाची वेबसाइट? उद्घाटनाला पेढे वाटले, बातमीसाठी आम्हाला बोलावलं, संपलं! नंतर मालकाने ती एकदाही उघडलेली नाही.

चौकशीचा फॉर्म भरला तर तो कुठे जातो, पत्ता नाही. फोन नंबर जुनाच. एसएसएल प्रमाणपत्राची मुदत संपली की ब्राउझर गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवतो. 'लेट्स एन्क्रिप्ट'चं प्रमाणपत्र फुकट मिळतं, आपोआप नूतनीकरणही लावता येतं. म्हणजे प्रश्न पैशाचा नाही, हयगयीचा आहे.

साइट बनवून देणारे काही महाभाग तर डोमेन स्वतःच्याच नावावर घेतात. उद्या त्यांनी फोन उचलला नाही तर? दुकान तुमचं, पाटी त्यांची! याला मी सेवा म्हणत नाही, अडवणूक म्हणतो.

व्यापारी मित्रांनो, डोमेन आधी आपल्या नावावर करून घ्या. देखभालीचा करार लेखी करा. महिन्यातून एकदा स्वतःच्या मोबाइलवरून फॉर्म भरा, एक ऑर्डर देऊन बघा. बॅकअप नुसता घेऊ नका, त्यावरून साइट परत उभी राहते का तेही तपासा.

हे जमत नसेल, तर गिऱ्हाईक पळवलं म्हणून ऑनलाइन कंपन्यांच्या नावाने बोटं मोडू नका.