घाटात वाफ का दमायची आणि वीज का दमत नाही? समजून घ्या

पुण्याला रेल्वेने जाताना कर्जतला गाडी जरा थांबते. आपण वडापाव घेतो, तेवढ्यात मागे जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढे भोर घाट आहे आणि तिथला चढ 37 ला 1 आहे. म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की 1 मीटर वर. बाइकला हा चढ फारसा जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असतं तेव्हा तो भलताच अवघड होतो. हजार टनांची गाडी असेल, तर निव्वळ गुरुत्वाकर्षण तिला सुमारे 27 टनांच्या जोराने मागे खेचतं.

वाफेच्या आणि विजेच्या इंजिनातला खरा फरक इथेच कळतो.

वाफेचं इंजिन म्हणजे चाकांवरचं अख्खं पॉवर हाऊस. कोळसा, पाणी, भट्टी, बॉयलर, सगळं सोबत घेऊन चढायचं. वाफ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन ढकलते, पिस्टन दांड्याने चाक फिरवतो. काम झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाताना भट्टीतून हवा ओढून घेते, त्यामुळे आग आणखी भडकते. इंजिन जितकं राबेल तितकी भट्टी पेटेल, तीही कुठल्याही पंख्याशिवाय. आपली 'झुकझुक' म्हणजे ही बाहेर पडणारी वाफ. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात ती चारदा ऐकू येते. कॉलेजात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थर्मोडायनॅमिक्सला मनातल्या मनात माफ केलं होतं.

पण बॉयलर देईल तेवढीच वाफ. चढ लांबला की प्रेशर उतरणार आणि फायरमनला भट्टीसमोर उभं राहून फावड्याने कोळसा ओतत राहावं लागणार. बोगद्यात तर धूर त्याच्याच तोंडावर. त्यात कोळशातल्या ऊर्जेपैकी जेमतेम 6 ते 8 टक्के चाकापर्यंत पोहोचायची.

विजेच्या इंजिनात वीज तयारच होत नाही. ते टपावरच्या पँटोग्राफने तारेतून घेतं आणि मोटरला देतं. चढ आला की तारेतून जास्त घ्यायची. मोटर फार तापेपर्यंत थोडा वेळ क्षमतेपेक्षा अधिक जोरही लावता येतो. पिस्टनच्या धक्क्यांऐवजी सलग जोर मिळतो, त्यामुळे चाक कमी घसरतं. उतरताना आजच्या इंजिनातली मोटर उलटी जनरेटर होते आणि वीज तारेत परत पाठवते. वाफेला हे कधीच जमलं नसतं. उतारावर जाळलेला कोळसा काही परत मिळत नाही.

मुंबईत हा बदल लवकर झाला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. 1929 मध्ये तारा पुण्यापर्यंत पोहोचल्या आणि 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली ती थेट विजेवरच. लोकलचं तर वाफेवर आज भागलंच नसतं. दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा झटकन वेग घ्यायचा, तर मोटर एका इंजिनात ठेवून चालत नाही. लोकलमध्ये त्या गाडीभर वेगवेगळ्या डब्यांखाली असतात.

मग कोळसा गेला का? नाही, त्याने जागा बदलली. या मार्गाला वीज पुरवायला ठाकुर्लीला रेल्वेने चोळा पॉवर हाऊस उभारलं, तेही कोळशावरचंच. आजही आपली बरीचशी वीज कोळशातूनच येते, त्यामुळे 'प्रदूषणमुक्त रेल्वे' हे शब्द वाचले की मी जरा थबकतो. तरी हिशेब विजेच्याच बाजूने आहे. औष्णिक केंद्र कोळशातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा विजेत बदलतं. वाटेतली गळती धरूनही चाकापर्यंत पाव भाग तरी येतो, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या किमान तिप्पट.

विजेला किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे. वाफेचं एक इंजिन बिघडलं तर एक गाडी अडायची. ओव्हरहेड वायर तुटली की मागच्या सगळ्या गाड्या उभ्या राहतात, हे ठाणे-कल्याणकरांना वेगळं सांगायला नको.

दुसरी किंमत जास्त वाईट आहे. मुंबईतला डीसीचा जमाना 2016 मध्ये हार्बरवर संपला आणि आता सगळीकडे 25,000 व्होल्ट एसी आहे. यार्डात उभ्या मालगाडीच्या टपावर सेल्फीसाठी चढलेली मुलं भाजल्याच्या बातम्या आमच्या डेस्कवर येतात आणि खाली कमेंट असते, 'तारेला हात कशाला लावायचा?' बहुतेकदा हात लावलेलाच नसतो. एवढ्या व्होल्टेजला तारेच्या फार जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी मारते. वाफेचं इंजिन धूर, आवाज आणि धग देऊन दुरूनच सावध करायचं. तारेत वीज आहे की नाही, हे बघून कळत नाही.