क्लोरीन भरपूर, तरी तलावाचे पाणी असुरक्षित

केरळमध्ये 2024 मध्ये आणि त्याहून मोठ्या प्रमाणात 2025 मध्ये 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'चे रुग्ण आढळले. तेव्हा तिथल्या आरोग्य विभागाने विहिरी, टाक्या आणि जलतरण तलावांमध्ये क्लोरीन टाकण्याची मोहीम हाती घेतली. नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या या अमिबावर क्लोरीनची मात्रा चालते, त्यामुळे निर्णय योग्यच होता. पण क्लोरीन टाकणे वेगळे आणि टाकलेले क्लोरीन कामाला येणे वेगळे. खासगी तलावांच्या बाबतीत या फरकाकडे फारसे कोणी पाहत नाही.

लोणावळा, कर्जत, अलिबागपासून गोव्यापर्यंत शनिवार-रविवारसाठी भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांना तलाव असणे आता जवळजवळ सक्तीचे झाले आहे. देखभाल बहुधा केअरटेकरकडे असते आणि त्याच्या हाताशी पांढऱ्या गोळ्यांचा डबा असतो. या गोळ्या ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल यांच्या संयुगाच्या असतात. हे आम्ल म्हणजेच 'स्टॅबिलायझर'. त्याची गरज खरी आहे. उघड्या तलावातले क्लोरीन कडक उन्हात तासाभरात निम्म्याहून कमी होते. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला धरून ठेवते आणि अतिनील किरणांपासून वाचवते. त्यासाठी 30 ते 50 पीपीएम, म्हणजे लिटरला 30 ते 50 मिलिग्रॅम, एवढे प्रमाण पुरते.

अडचण पुढे सुरू होते. क्लोरीन रोज खर्च होते, आम्ल होत नाही. ते उडून जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. उन्हाने पाणी आटते, आम्ल मागे राहते आणि वरून नवी गोळी पडते. दहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात 50 हजार लिटर पाणी मावते. 200 ग्रॅमची एक गोळी त्यात क्लोरीन वाढवते साडेतीन पीपीएमने आणि आम्ल सुमारे सव्वादोन पीपीएमने. दिवसाआड एक गोळी धरली, तरी महिन्याला 33 पीपीएम होतात. फेब्रुवारीअखेर भरलेला तलाव मेच्या अखेरीस, ऐन सुट्टीच्या गर्दीत, शंभरीला टेकतो.

आम्ल वाढले की ते क्लोरीनला इतके घट्ट धरून ठेवते की जंतू मारणारा मोकळा अंश अगदी थोडा उरतो. नेहमीच्या तपासणीत मात्र हे बांधलेले क्लोरीनही 'मोकळे' म्हणूनच मोजले जाते. रंग बरोबर येतो, वहीत 2 पीपीएमची नोंद होते आणि पोहणारे निर्धास्त असतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, सूचनांमध्ये हा फरक धरलेला आहे. स्टॅबिलायझर नसेल तर किमान 1 पीपीएम क्लोरीन, असेल तर किमान 2. याच केंद्राच्या आदर्श नियमावलीत सार्वजनिक तलावांसाठी आम्लाची कमाल मर्यादा 90 पीपीएम आहे. जुलाबाला कारण ठरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर आम्ल नसलेल्या पाण्यातही 1 पीपीएम क्लोरीनला दहा दिवस दाद देत नाही. म्हणूनच तलावात कोणाला जुलाब झाले, तर आम्ल आधी 15 पीपीएमपर्यंत खाली आणावे आणि मगच क्लोरीनचा जादा डोस द्यावा, असे सीडीसी सांगते. लहान मुले पोहतात तिथे ही शक्यता काही दूरची नव्हे.

आम्ल मोजणे अवघड नाही. पाण्यात मेलामाइनचा द्रव मिसळला की ते दुधाळ होते. नळीच्या तळाचा काळा ठिपका जिथे दिसेनासा होतो, तो आकडा वाचायचा. 100 च्या पुढे ही नळी निकामी ठरते. मग तलावाच्या पाण्यात तेवढेच साधे पाणी मिसळून मोजावे आणि उत्तर दुप्पट करावे. क्लोरीन आणि पीएच रोज तपासणारेही ही चाचणी बहुधा करत नाहीत.

आम्ल कमी करण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे, पाणी बदलणे. जिवाणू किंवा विकरे वापरून आम्ल खाणारी पावडर बाजारात मिळते, पण तिचा परिणाम बेभरवशाचा. आरओने आम्ल निघते, पण घरगुती तलावासाठी ते सहसा परवडत नाही. 100 वरून 40 वर यायचे तर 60 टक्के, म्हणजे 30 हजार लिटर पाणी काढावे लागते. काढणे आणि भरणे एकाच वेळी चालू ठेवले, तर नवे पाणीही वाहून जाते आणि सुमारे 46 हजार लिटर लागतात. म्हणून आधी काढावे, मग भरावे. पण मे महिन्यात शेजारची वाडी हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहत असताना बंगल्याने दहा हजार लिटरचे तीन टँकर मागवणे कितपत शोभते, हा प्रश्न उरतोच.

घाटमाथ्यावर आणि कोकणात त्याचे उत्तर जूनमध्ये आकाशातून येते. पावसाआधी पाण्याची पातळी फूटभर उतरवून ठेवावी आणि पंप चालू ठेवावा. सव्वा मीटर खोल तलावावर पडलेला एक मीटर पाऊस नीट मिसळला, तर 100 चे प्रमाण 45 च्या आसपास येते. लोणावळ्यात एवढा पाऊस एकट्या जुलैत पडतो. तलाव पूर्ण रिकामा मात्र करू नये. जमिनीत पाणी भरलेले असताना रिकामी टाकी खालच्या दाबाने वर उचलली जाते, तडकते. काढलेले पाणी ओढ्यात सोडू नये. आधी काही दिवस गोळ्या बंद ठेवून क्लोरीन उतरू द्यावे, कारण ते माशांना घातक असते.

पातळी खाली आल्यावर पुन्हा त्याच गोळ्या टाकल्या, तर तीन महिन्यांत तीच वेळ येणार. त्याऐवजी सोडियम हायपोक्लोराइटचा द्रव वापरावा. त्यात आम्ल नसते. कॅल्शियम हायपोक्लोराइटही चालते, पण ते आणि ट्रायक्लोर एका डब्यात, एका मापाने किंवा एकाच फीडरमध्ये कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. आग लागते, स्फोटही होऊ शकतो.