रसिक आणि त्यांचे रखवालदार

दोन भाषांतले नाटक चालत नाही, अर्धे कळले नाही की प्रेक्षक खुर्ची सोडतो, असे नाट्यव्यवसायात अधूनमधून ठासून सांगितले जाते. सांगणारे बहुधा प्रेक्षक नसतात. ते निर्माते असतात, आयोजक असतात, किंवा प्रेक्षकांच्या अभिरुचीचा मक्ता स्वतःकडे घेतलेले संस्कृतिरक्षक असतात. या समजुतीला मराठी संगीत रंगभूमीनेच एक खणखणीत उत्तर देऊन ठेवले आहे, आणि त्या उत्तराची मुळे वऱ्हाड-नागपूरच्या मातीत आहेत.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतराव देशपांडे करीत. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब या दोन गवयांची ही स्पर्धा. एकीकडे मराठी पदे, दुसरीकडे ब्रज-हिंदी बंदिशी. एकीकडे पंडितांची मराठी, दुसरीकडे खाँसाहेबांच्या तोंडची उर्दूच्या वळणाची बोली. मत्सराने ग्रासलेल्या या गवयाला रूढ अर्थाने खलनायकच म्हणावे लागेल. पण प्रेक्षकाने जीव लावला तो त्याच्यावर. परभाषेत गाणाऱ्या, परधर्मीय, पराभवाने कडवट झालेल्या या माणसासाठी मराठी मध्यमवर्ग पुनःपुन्हा तिकीट काढून गेला.

दारव्हेकर नागपूरचे, पण त्यांच्या आडनावात यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा आहे. वसंतरावांचा जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेली ‘शकुंतला’ नावाची अरुंद मापाची गाडी यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जात असे. आता ती बंद आहे. या मुलखात मराठी कधीच एकटी नांदली नाही. निजामी आणि मोगलाई कारभाराची फारसी-उर्दू, दक्षिणेकडून आलेली तेलुगू, डोंगराळ भागातील गोंडी व कोलामी, तांड्यांवरची गोरमाटी, आणि या सर्वांच्या शेजाराने घडलेली वऱ्हाडी. लाहोरपर्यंत जाऊन उस्तादांकडून विद्या घेणारा गवई अशा मुलखात निपजला यात नवल नाही.

२०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे राहिले आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेबांची भूमिका केली. पहिल्या प्रयोगानंतर चार दशके लोटली होती. संगीत नाटक संपले असे मानण्याची रीत पडली होती. तरीही प्रेक्षक आले, आणि त्यांत ज्यांनी मूळ नाटक पाहणे शक्यच नव्हते अशी तरुण पिढी होती. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला. त्यात तर उर्दू-हिंदीचा वाटा आणखी वाढला, तरी तो लोकांनी उचलून धरला. ब्रज भाषेतील बंदिशीचा शब्दार्थ लागला नाही म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचे ऐकिवात नाही. ज्याला शब्द कळले नाहीत त्याला सूर कळला, आणि ज्याला सूर कळला नाही त्याला निदान एका माणसाची तडफड कळली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. ‘कट्यार’मध्ये कथेचा भार मराठीवर आहे, आणि दुसरी भाषा येते ती मुख्यतः जेथे सुरानेच अर्थ पोहोचतो तेथे. ही रचनेतील हुशारी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे दुसरी भाषा दरबाराची आहे. ब्रज आणि उर्दू या मैफलीच्या प्रतिष्ठित भाषा. त्या न कळल्या तरी न कळल्याची कबुली देण्यास रसिक लाजतो. भाषा वरून खाली येते तेव्हा तिचे स्वागत होते. ती खालून वर येऊ पाहते तेव्हा काय होते, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये सापडते.

‘वेस्ट साइड स्टोरी’ हे अमेरिकी संगीत नाटक १९५७ सालचे. गोऱ्या तरुणांची टोळी आणि पोर्तो रिकोहून आलेल्या स्थलांतरितांची टोळी यांच्या वैराची ही कथा. मूळ प्रयोगात स्थलांतरितही आपसांत इंग्रजीच बोलत आणि इंग्रजीतच गात. २००९ साली मूळ संहितेचे लेखक आर्थर लॉरेंट्स यांनी नव्वदीच्या उंबरठ्यापलीकडे ते स्वतः पुन्हा बसविले, तेव्हा या माणसांना त्यांची भाषा परत द्यावी असे ठरले. लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी संवाद आणि काही गीते स्पॅनिशमध्ये आणली. मार्चमध्ये प्रयोग सुरू झाले. ऑगस्टमध्ये स्पॅनिश गीतांतील बराच भाग पुन्हा इंग्रजीत नेण्यात आला. प्रेक्षकांना कथानकातील मोक्याच्या जागी अर्थ लागत नाही, हे कारण होते. नाटक पुढे जानेवारी २०११ पर्यंत चालले.

ही तक्रार सर्वस्वी खोटी होती असे नाही. दोन स्त्रिया जिवाच्या आकांताने भांडत असताना त्यांचे शब्दच न कळणे हा नाट्यानुभवातील उणेपणा होय. पण प्रश्न असा की ते शब्द न कळणारा प्रेक्षक म्हणजेच प्रेक्षक, हे ठरले कसे? त्या शहराच्या लोकसंख्येचा चौथ्याहून अधिक हिस्सा स्पॅनिशभाषक मुलखांशी नाते सांगणारा आहे. तो रंगमंचावर पात्र म्हणून होता, पण महागड्या तिकिटांच्या रांगेत त्याचे प्रमाण नगण्य होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर बाजारात गरज मोजली जात नाही, मोजली जाते ती क्रयशक्तीने पाठबळ दिलेली मागणी. नाट्यगृहातील ‘प्रेक्षकांची प्रतिक्रिया’ हीही अशीच मागणी असते. ज्याच्यापाशी तिकिटाचे पैसे नाहीत त्याची प्रतिक्रिया हिशेबात धरली जात नाही, आणि मग त्याची भाषा ‘न कळणारी’ ठरते.

हाच न्याय यवतमाळला लावून पाहावा. या जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ते बंजारा समाजाचे. ज्या समाजाने राज्याला अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री दिला, त्याची गोरमाटी भाषा प्रतिष्ठित मराठी रंगमंचावर मात्र गंभीर भूमिकेत क्वचितच ऐकू येते. २०११ च्या जनगणनेने तर बंजारी आणि लमाणी या मातृभाषांची गणती हिंदीच्या पोटात केली. कोष्टकात ज्याला स्वतंत्र रकाना नाही, त्याच्यासाठी शाळेत पुस्तक आणि रंगमंचावर संवाद कोण मागणार? कोलामांचे दुःख याहून खोल आहे. केंद्र सरकारच्या यादीत ते विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून आहेत. पोडावरचे मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा त्याची भाषा बाहेरच राहते. वऱ्हाडीला रंगमंचावर जागा आहे, पण फार वेळा ती हशा पिकविण्यापुरती.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या साऱ्या प्रश्नांची जाहीर परीक्षा झाली. इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी बोलावून ते निमंत्रण मागे घेण्यात आले. मराठीच्या मांडवात इंग्रजीची लेखिका नको, असा आक्षेप निघाला होता आणि संमेलन उधळण्याचे इशारे दिले गेले होते. रखवालदार रसिकांच्या नावाने बोलत होते. रसिकांनी मात्र निराळेच उत्तर दिले. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत येऊन घरोघर वाचले गेले. उद्घाटनाच्या वेळी मांडवात काही स्त्रिया सहगल यांचे मुखवटे लावून बसल्या.

आणि उद्घाटन केले ते जिल्ह्यातीलच वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी. श्याम पेठकरलिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात शेतकरी विधवांनीच भूमिका केल्या, त्यांतील त्या एक. त्यांना बोलावण्यामागे आयोजकांची अडचण होती हे उघड आहे. पण त्या उभ्या राहून साध्या शब्दांत बोलल्या तेव्हा त्या मांडवाला त्यांची भाषा परकी वाटली नाही. लोकांनी ते भाषण मनापासून ऐकले. ज्या व्यासपीठाने एका भाषेला दार लावले, त्याच व्यासपीठावर नाइलाजाने का होईना, खालून येणारा एक आवाज चढला, आणि तो चढताच प्रेक्षकांच्या संकुचितपणाबद्दलचे सारे अंदाज चुकले.

याचा अर्थ प्रेक्षक हा कोणी संत आहे असा नव्हे. त्याचाही कान वर्गाने आणि जातीने घडविलेला असतो. पण कान घडविता येतो, एवढे ‘कट्यार’ने सिद्ध केले आहे. ज्यांना उर्दूचे अक्षर येत नाही अशांच्या दोन पिढ्या खाँसाहेबांसाठी हळहळल्या. तीच माणसे गोरमाटीतील विरहगीतासाठी किंवा कोलामीतील एखाद्या संवादासाठी हळहळणार नाहीत, असे गृहीत धरण्यास आधार कोणता? पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवाळीनंतर शेतकरी आणि शेतमजूर रात्र रात्र जागून गाणी असलेली नाटके तिकीट काढून पाहतात. ग्रामीण प्रेक्षक नाटकासाठी पैसे मोजत नाही, हा समज तेथे कधीच मोडीत निघाला आहे.

समाजवादी चळवळीला हे काम नवे नाही. साने गुरुजींच्या आंतरभारतीचा आशय भाषांनी एकमेकींच्या घरी जावे हाच होता, आणि सेवा दलाच्या कलापथकाने गाणी व नाट्यप्रवेश गावोगाव पोहोचविले ते तिकीटबारीकडे न पाहता. तेच सूत्र आता जिल्ह्यापुरते, लहान प्रमाणावर उचलता येण्याजोगे आहे. पुसद, दिग्रस, केळापूर, झरी-जामणी येथील कार्यकर्त्यांनी एखादे जुने संगीत नाटक उभे करताना त्यातील दोन पात्रांना तांड्याची किंवा पोडाची भाषा द्यावी. कथेचा धागा मराठीत ठेवावा म्हणजे कोणी वाट चुकणार नाही. त्या भाषेची माणसे सल्लागार म्हणून नव्हे, नट आणि लेखक म्हणून घ्यावीत. आणि पहिला प्रयोग जिल्ह्याच्या ठिकाणी न करता त्यांच्याच वस्तीत, विनामूल्य करावा.

त्या रात्री पुढच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला रंगमंचावरून स्वतःची भाषा प्रथमच ऐकू येईल, आणि मागे उभ्या असलेल्या शहरी पाहुण्याला काही वाक्ये कळणार नाहीत. एका रात्रीपुरते न कळण्याचे ओझे त्याने वाहावे. ती म्हातारी ते आयुष्यभर वाहत आली आहे.